जीव गुंतवणारी पात्रे: ‘बाल्डर्स गेट ३’

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी धाकट्या भावाबरोबर मी ‘बाल्डर्स गेट ३’ हा एखाद्या पात्राची भूमिका निभावण्याचा व्हिडिओ गेम नुकताच पूर्ण केला. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या या खेळात पात्राची वाढ केवळ आकड्यांची नसते, हे त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. सुरुवातीला निवडलेल्या पूर्वायुष्याला साजेसे वागले की प्रेरणेचा गुण मिळतो, असे चारच गुण साठवता येतात आणि कृतीचे यशापयश ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशाचे दान उलटे पडले, तर त्यांतला एक खर्चून फासा पुन्हा टाकता येतो. त्यामुळे पात्राचा स्वभाव हीच त्याची शिदोरी होते. सोबती आपल्या निर्णयांवर पसंती वा नाराजी दर्शवतात, रात्री तळावर मन मोकळे करतात आणि फारच दुखावले तर साथ सोडून जातात. त्यांतल्याच शॅडोहार्टची श्रद्धा डळमळू लागली, तेव्हा आईने जेवायला दोनदा हाक मारली तरी आम्हा दोघांचे उत्तर ठरेना. शंभर नाणी देऊन पात्राचा वर्ग (योद्धा, जादूगार असा प्रकार) बदलता येतो, ही सोय नवख्यांसाठी उत्तम आहे. बाराव्या पातळीवर वाढ थांबते. शेवटच्या शहरात पुष्कळ काम बाकी असताना ती आणखी थोडी चालू राहायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.