घरच्या रेकॉर्डिंगसाठी स्वस्त प्लगिन आणि डीबीएक्स २८६एस : काही महिने वापरल्यानंतर

ठाण्यात नौपाड्याला राहत्या घरातच मी गाणी रेकॉर्ड करतो. अभंग, भावगीतं, कधी एखादं नाट्यपद. गायक, हार्मोनियम, तबला, बहुतेक वेळा एवढंच. फोकसराइट स्कारलेट २आय२ (माइक लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस), शुअर एसएम५८ माइक, एक कंडेन्सर माइक, डीबीएक्स २८६एस (माइकचा आवाज आत येतानाच सुधारणारा डबा) आणि लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर असा संच उन्हाळ्यात जमवला. पावसाळा आणि गणपती त्याच्यावरच काढले. आता कोणी विचारलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, तर मी खात्रीने सांगू शकतो.

सुरुवात रीपरपासून. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं आणि नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. त्याच्यासोबत येणारे प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्राम, दिसायला अगदी रुक्ष आहेत : ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), गेट (बारीक आवाज बंद करणारं), पण कामाला पक्के. गायकाला इअरफोनमध्ये थोडा रिव्हर्ब (सभागृहात घुमतो तसा आवाज) लागतोच, त्याशिवाय सूर मोकळा लागत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र घ्यायची गरज पडली नाही. ४८ किलोहर्ट्झला बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर ठेवला की एका बफरचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत राहतो. जाणं, येणं आणि ड्रायव्हरचा वाटा धरला तरी गाणाऱ्याला तो जाणवत नाही. ट्रॅकवर हलका रिव्हर्ब लावायचा, इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज थेट कानात देणारी सोय) बंद करायचं. गायकाला रिव्हर्ब ऐकू येतो, रेकॉर्ड मात्र कोराच आवाज होतो.

आता डीबीएक्सविषयी, कारण सगळे त्याबद्दलच विचारतात. एकाच डब्यात माइक प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा), कॉम्प्रेसर, डी-एसर (टोचणारे स, च दाबणारा), एन्हान्सर (आवाज उजळ करणारा) आणि गेट मिळतं, म्हणून स्वस्तातलं पहिलं हार्डवेअर म्हणून लोक तो घेतात. त्याचा प्रीॲम्प चांगला आहे. एसएम५८ला भरपूर गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागतो आणि तो इथे आरामात मिळतो. जोडताना मात्र त्याचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटलाच द्या. माइक इनपुटला दिलं तर एका प्रीॲम्पवर दुसरा प्रीॲम्प चढतो आणि आवाज फाटतो. निवेदन, ऑनलाइन गाण्याचे वर्ग, पुस्तकवाचन अशा कामांसाठी हा डबा मी डोळे मिटून सुचवेन.

गाण्यासाठी माझं मत वेगळं आहे. गेट पूर्ण बंद ठेवा. आलापात गायक स्वर हळूहळू सोडतो आणि गेट नेमकं ते शेपूट कापतं, न्यासच हरवतो. कॉम्प्रेसरही नावापुरताच. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करताना सर्वांत मोठ्या आवाजाची तान वजा १२ डीबीच्या आसपास (शून्याच्या वर आवाज फाटतो) ठेवली की खाली भरपूर जागा उरते. आत शिरतानाच आवाज दाबण्याचं काही कारण राहत नाही. डब्यातून एकदा दाबून आलेला आवाज नंतर मोकळा करता येत नाही. प्लगिनमध्ये चुकलं तर नॉब फिरवून परत मागे जाता येतं. म्हणून गाणंच करणार असाल तर या डब्याचे पैसे आधी माइककडे आणि खोलीकडे वळवा.

खोलीचं म्हणाल तर कपड्यांनी भरलेलं कपाट सताड उघडायचं, गायकाच्या मागे जाड रजई टांगायची, पंखा बंद. माझ्याकडे याने जो फरक पडला तो कुठल्याही प्लगिनने पडला नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की घोंघावणारा हमही बराच कमी होतो.

कॉम्प्रेशनसाठी मी ॲनालॉग ऑब्सेशनचा लाला हा प्लगिन वापरतो. तो फुकट आहे. जुन्या एलए-२ए या कॉम्प्रेसर यंत्राचा तो अवतार. मूळ यंत्रात आवाजाच्या जोरावर उजळणारी एक पट्टी असते आणि तिच्यासमोर प्रकाशाने बदलणारा रोधक. आवाज ओसरला की दाब आधी झटकन अर्धा सुटतो आणि उरलेला सावकाश, सेकंदांच्या हिशोबाने. मींड आणि ठहरावाच्या गायकीला हे फार शोभतं. दोन-तीन डीबीच दाबा. जास्त दाबलं की ओळींच्या मधला श्वास आणि हार्मोनियमच्या भात्याचा आवाज वर येतो, आणि भाता एकदा कानाला खुपला की पुढे दुसरं काही ऐकूच येत नाही.

माझा सर्वांत लाडका प्लगिन मात्र टीडीआर नोव्हा, तोही फुकट. हा डायनॅमिक ईक्यू आहे, म्हणजे ठरवलेला पट्टा मर्यादेबाहेर गेला तरच तो कापतो. ‘चांदणे’, ‘चाफा’मधला दातांवरचा च कंडेन्सर माइकवर सुईसारखा टोचतो. साध्या ईक्यूने तिथे कापलं तर सगळा आवाजच मलूल होतो. नोव्हामध्ये ६ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान एक पट्टा लावला की फक्त तो च बसतो, बाकी गाणं तसंच उजळ राहतं. डग्ग्याची घुमारदार मींड अंगावर येते तेव्हा खालच्या पट्ट्यालाही हाच इलाज.

पैसे देऊन घेतलेला प्लगिन एकच : व्हलहाला कंपनीचा व्हिंटेजव्हर्ब हा रिव्हर्ब, ५० डॉलर. त्यांचाच सुपरमॅसिव्ह फुकट आहे, पण त्याचा पसारा भावगीताला पेलत नाही. व्हिंटेजव्हर्बमध्ये शब्द स्पष्ट राहून गाण्याला सभागृह मिळतं. कंपनी सेल लावत नाही, त्यामुळे वाट बघण्यात अर्थ नाही. घेताना कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते बघा आणि बँकेचं शुल्कही हिशोबात धरा. मासिक वर्गणीवरच्या प्लगिनपासून मी लांब आहे. मार्च २०२३मध्ये वेव्ह्ज या प्लगिन कंपनीने कायमचे परवाने विकणं थांबवून सगळं वर्गणीवर नेलं आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरवला. चार वर्षांनी जुनं गाणं उघडायचं असेल तर त्यातला प्लगिन तेव्हाही चालायला हवा, एवढी खात्री मला लागते.

शेवटी युलीनचं फुकट लाउडनेस मीटर लावून तपासतो. यूट्यूब मोठा आवाज खाली आणतं, लहान आवाज वर नेत नाही, म्हणून बरेचजण वजा १४ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं माप; यूट्यूबची पातळी) गाठायला लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारा प्लगिन) लावून गाणं पिळून काढतात. माझी भावगीतं वजा १६च्या आसपास येतात. ती मी तशीच चढवतो. तबल्याची थाप शाबूत राहते.