काचेच्या कॅबिनेटमधून जाळीच्या कॅबिनेटमध्ये: नागपुरातील एका मायक्रो एटीएक्स संगणकाचा अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या जानेवारीत मी व्हिडिओ संकलनाच्या घरगुती कामासाठी नवा डेस्कटॉप जुळवून घेतला आणि मार्चमध्ये त्याचे कॅबिनेट बदलले. मदरबोर्ड (सारे भाग जोडणारी मुख्य पाटी), प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि १२० मिलिमीटरचे तीन पंखे हे सारे एका पेटीतून काढून दुसऱ्या पेटीत जसेच्या तसे बसवले. त्यामुळे कॅबिनेटने नेमका किती फरक पडतो, हे मला एरवी कळले नसते इतक्या स्वच्छपणे कळले. आता डिसेंबर आहे. मधल्या काळात नवतपाही (मेअखेरचे ते सर्वांत तापलेले नऊ दिवस) झाला आणि पावसाळाही.

प्रोसेसर रायझन ५ ७६०० आहे. त्याच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असले, तरी पूर्ण भार आल्यावर तो ८८ वॅटपर्यंत वीज घेतो. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, म्हणजे ११५ वॅटचे. रेंडर, म्हणजे संकलित व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचे काम, चालू असताना ही दोघे मिळून सुमारे २०० वॅट उष्णता त्या पेटीत सोडतात आणि कॅबिनेटचे खरे काम ती बाहेर काढणे हेच आहे.

मदरबोर्डाच्या आकाराबद्दल मी खरेदीपूर्वी गरजेपेक्षा जास्त काथ्याकूट केला. इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेला एटीएक्स ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा, त्यानंतरचा मायक्रो एटीएक्स २४४ मिलिमीटरचा चौरस आणि व्हियाने २००१ मध्ये आणलेला मिनी आयटीएक्स १७० मिलिमीटरचा चौरस, असे तीन पर्याय समोर होते. स्क्रूची भोके परस्परांशी जुळतील अशी ठेवलेली असल्यामुळे लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, उलटे मात्र होत नाही. मिनी आयटीएक्सवर रॅमच्या दोनच खाचा आणि कार्डासाठी एकच स्लॉट मिळतो, शिवाय तशाच सोयींच्या मायक्रो एटीएक्सपेक्षा पैसे जास्त पडतात, म्हणून तो लगेच बाद झाला. एटीएक्सवरच्या सात स्लॉटांपैकी मी एकच वापरणार होतो. अशा रीतीने मायक्रो एटीएक्स बोर्ड ठरला आणि तो निर्णय आजही मला योग्य वाटतो.

चूक झाली ती कॅबिनेटमध्ये. सीताबर्डीच्या ज्या दुकानातून सामान घेतले, तेथे मला एक भलेमोठे एटीएक्स कॅबिनेट दाखवले गेले. समोर काच, बाजूला काच आणि आत रंगीत दिवे. ‘मोठी पेटी म्हणजे आत मोकळी हवा, म्हणजे थंड’ हे विक्रेत्याचे म्हणणे मला तेव्हा पटले आणि ते पटायला नको होते. पेटीत हवा किती मावते, याला फारसा अर्थ नसतो. दर मिनिटाला किती हवा आत येते आणि किती बाहेर जाते, याला असतो. त्या कॅबिनेटच्या समोरच्या काचेमागे पंखे होते खरे, परंतु त्यांना हवा मिळण्याची वाट म्हणजे काचेच्या कडेची बोटभर फट. फेब्रुवारीत खोलीचे तापमान २६ अंश असताना तासभराच्या रेंडरनंतर प्रोसेसर ८२ अंशांवर आणि ग्राफिक्स कार्ड ७७ अंशांवर गेले. संशय आला म्हणून मी समोरची काच काढून तेच रेंडर पुन्हा लावले, तेव्हा कार्ड ६८ अंशांवर थांबले. ही परीक्षा कोणालाही फुकटात करता येते: समोरचा पत्रा किंवा काच काढल्यावर तापमान चार-पाच अंशांपेक्षा जास्त उतरत असेल, तर दोष पंख्यांचा नाही, कॅबिनेटच्या तोंडाचा आहे.

नवे कॅबिनेट जुन्याच्या जेमतेम दोनतृतीयांश आकाराचे, फक्त मायक्रो एटीएक्ससाठी बनवलेले, दिसायला अगदी साधे आणि समोरून पूर्ण जाळीचे आहे. मार्चअखेर खोली २९ अंशांवर असताना त्याच रेंडरला प्रोसेसर ७६ आणि कार्ड ७० अंशांवर राहिले. खोली तीन अंशांनी तापलेली आणि पेटी लहान असूनही आकडे खाली आले.

त्यानंतर मे उजाडला. नागपुरात राहणाऱ्याला उन्हाळ्याची ओळख करून देण्याची गरज नाही, पण संगणकाच्या संदर्भात एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. कोणताही पंखा, हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारी धातूची पाती) किंवा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, कारण उष्णता शेवटी त्याच हवेला द्यायची असते. म्हणून खोली जितक्या अंशांनी तापते, जवळजवळ तितक्याच अंशांनी आतले सर्व आकडे वर सरकतात. माझ्या खोलीत दुपारी ३७ अंश असताना प्रोसेसर ८४ आणि कार्ड ७८ अंशांवर गेले. परवा खोली २० अंशांवर असताना तेच रेंडर ६७ आणि ६१ अंशांवर झाले. थंड प्रदेशातल्या चाचण्यांचे आकडे वाचून कॅबिनेट निवडणाऱ्याने त्यात आपल्या उन्हाळ्याचे पंधरा-सोळा अंश स्वतः मिळवावेत. काचेच्या पेटीत मे महिना काढला असता, तर प्रोसेसर ९३ अंशांवर, म्हणजे ज्या ९५ अंशांच्या मर्यादेला तो स्वतःचा वेग कमी करतो तिच्या अगदी जवळ गेला असता, असा माझा हिशेब आहे.

नवतप्यात मी बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगांमधून, इको मोड लावला. त्यामुळे विजेची मर्यादा ८८ वरून ६० वॅटच्या आसपास येते. तासाभराच्या रेंडरला चारपाच मिनिटे जास्त लागली आणि प्रोसेसर ७३ अंशांवर राहिला. एवढ्या स्वस्तातला उपाय दुसरा नाही.

आमच्याकडे कूलर म्हटले की वाळ्याच्या ताट्यांचा, खिडकीला लावलेला कूलर डोळ्यांसमोर येतो आणि त्याचाही संगणकाशी संबंध आहेच. तो खोली थंड करतो खरा, पण हवेत ओल भरतो, आणि ओलसर हवेतली धूळ हीटसिंकच्या पात्यांवर नुसती बसत नाही, चिकटते. एप्रिलमध्ये माझा संगणक कूलरच्या थेट झोतात होता. तीन आठवड्यांत समोरच्या जाळीवर ओल्या फडक्यानेच निघेल असा थर साचला, तेव्हा मी टेबल उलट्या भिंतीला नेले आणि कॅबिनेट फरशीवरून उचलून एका जुन्या पाटावर ठेवले.

धुळीबाबत पंख्यांची मांडणी महत्त्वाची ठरली. समोरून दोन पंखे हवा आत घेतात आणि मागून एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असल्याने पेटीत किंचित दाब राहतो आणि फटींमधून धूळ आत ओढली जाण्याऐवजी हवा बाहेर पडते. मेमध्ये समोरचे दोन्ही पंखे बदलून १४० मिलिमीटरचे बसवले. तेवढीच हवा ते कमी फेऱ्यांत देतात, त्यामुळे आवाज बराच उतरला. वरच्या बाजूला पुढच्या कडेला हवा बाहेर टाकणारा चौथा पंखाही लावून पाहिला. समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचण्याआधीच तो वर फेकून देत होता, म्हणून आठवड्यात काढून ठेवला.

लहान कॅबिनेट घेताना मोजपट्टी हाताशी हवीच. माझा टॉवर कूलर, म्हणजे प्रोसेसरवर उभा बसणारा हीटसिंक आणि पंखा, १५५ मिलिमीटर उंच आहे आणि कॅबिनेटची मर्यादा १६० मिलिमीटरची. हे गणित कागदावर सुटते, परंतु कूलरवर बसलेल्या पंख्याला रॅम उंच असल्यामुळे थोडे वर सरकवावे लागले आणि बाजूचे झाकण अक्षरशः घासत लागले. प्रोसेसरसोबत आलेला बुटका कूलर वापरणाऱ्याला ही अडचण येणार नाही. त्या बुटक्या कूलरचा एक गुणही सांगायला हवा: त्याचा झोत खाली बोर्डावर येतो आणि प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भोवतालच्या घटकांना वारा मिळतो. स्वस्त मायक्रो एटीएक्स बोर्डांवर या घटकांवर अनेकदा हीटसिंक नसते. अशा बोर्डावर पाण्याचा कूलर बसवला, तर प्रोसेसर थंड आणि शेजारचे घटक तापलेले, अशी विचित्र अवस्था होऊ शकते.

मायक्रो एटीएक्स म्हणून विकले जाणारे सगळेच बोर्ड पूर्ण २४४ मिलिमीटर रुंद नसतात, हेही मला उशिरा उमगले. माझा बोर्ड अरुंद आहे, त्यामुळे त्याच्या उजव्या कडेखाली एकही पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून वर धरणारी छोटी खुंटी) येत नाही. एसएमपीएसची २४ पिनांची वायर खोचताना ती कड वाकली आणि माझ्या पोटात गोळा आला. तिथे बोर्डाला मागून बोटांचा आधार देऊनच वायर दाबावी.

पावसाळ्यात काही विशेष घडले नाही. ऑक्टोबरमध्ये ब्लोअरने सफाई केली. पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवली, कारण झोताने ती फिरू दिली तर बेअरिंगला त्रास होतो. समोरची जाळी भरली होती, पण आत धूळ नगण्य होती.

तक्रार एकच, आणि ती कमी नाही. या कॅबिनेटमध्ये साडेतीन इंची हार्ड डिस्कसाठी एकच जागा आहे आणि एसएमपीएसच्या वायरी कोंबायलाही तीच जागा लागते. एका लग्नाचे चित्रीकरण पाचसहाशे जीबी सहज खाते, त्यामुळे माझ्या टेबलावर आता दोन बाहेरच्या डिस्का आणि त्यांचे अडॅप्टर पसरलेले असतात. जुन्या काचेच्या पेटीत अशा चार डिस्का बसत होत्या. ती अजून माळ्यावर आहे. तिच्या समोरच्या काचेऐवजी जाळीचा पत्रा कापून बसवता येईल का, हे विचारायला या रविवारी एका फॅब्रिकेशनवाल्याकडे जाणार आहे.