गोळी खाली लागते: दोष हाताचा की साइटचा?

ग्लॉक १९ सारख्या आटोपशीर पिस्तुलाची गोळी नेमापेक्षा खाली लागली की बहुतेक जण साइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे-मागे बसवलेली खूण) बदलायला धावतात. माझ्या मते आधी संशय हाताचाच घ्यावा. धक्क्याच्या धास्तीने गोळी सुटण्याआधीच मनगट खाली दबते, आणि मॅगझिनमध्ये सोबत्याकडून आपल्या नकळत एखादे डमी (न उडणारे) काडतूस मिसळून घेतले, तर नुसत्या ‘खट्’ आवाजासरशी नळीने मारलेली बुडी लख्ख दिसते. अशा नेमबाजाच्या खुणा लक्ष्यावर विखुरलेल्याही असतात. याउलट, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून झाडलेल्या गोळ्या एकाच जागी, पण खालीच लागत असतील, तर दोष साइटचा, किंवा क्वचित हलक्या, वेगवान गोळीचा असतो. अशा वेळी मागची साइट ६.५ ऐवजी ६.९ मिलिमीटर उंचीची बसवली, की १५ मीटरवर मारा सुमारे ४ सेंटिमीटर वर सरकतो.