कानामागचं श्रवणयंत्र: नऊ महिने वापरल्यानंतर

नात 'साखर' म्हणायची आणि मला 'आखर' ऐकू यायचं. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, ३१ वर्षं काढली, त्याचा हा परिणाम. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, रेघ १००० हर्ट्झपर्यंत, खालच्या सुरांत, बरी होती, वरच्या सुरांत ४००० पाशी खोल खड्डा. म्हणजे आवाज येतो, पण स, श, फ, थ गळून जातात. घरचे ओरडून बोलायचे, त्यानं काहीच साधत नव्हतं.

मला यंत्र कुणाला दिसायला नको होतं. म्हणून आधी सीआयसी, म्हणजे कानाच्या पूर्ण आत बसणारं, आठवडाभर वापरून पाहिलं. दिसत नव्हतं हे खरं, पण कानाचं भोक बुजल्यामुळे माझाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमायचा. ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) बाईंनी समजावलं, तुमचे खालचे सूर शाबूत आहेत, त्यांना वाट मोकळी हवी. मग आरआयसी घेतलं. मशीन कानामागे, तिथून बारीक वायर, आणि कानात छोटा स्पीकर, त्यावर भोकं असलेला सिलिकॉनचा डोम. जोडीला ७२ हजार पडले. केसांत आणि चष्म्याच्या काडीमागे ते इतकं झाकलं जातं की लपवण्याचा माझा हट्ट उगाच होता.

पहिले पंधरा दिवस फार जड गेले. नळाचं पाणी, पिशवीची चुरचुर, ताटल्यांचा खणखणाट, सगळं एकदम अंगावर आलं. बाईंनी रोज दोन तासांपासून वाढवत न्यायला सांगितलं, दोनदा सेटिंगही बदललं. याच दिवसांत यंत्र कपाटात टाकून देणारे मी दोघे पाहिलेत, फार वाईट वाटतं. तिसऱ्या आठवड्यात 'साखर' पुरती ऐकू आली.

गोंगाटात मात्र मर्यादा आहेच. गंगापूर रोडला मित्रांसोबत मिसळ खायला गेलो की गर्दी पाठीशी आणि मित्र समोर येतील अशी खुर्ची धरतो. पुढचा आवाज उचलणारे माइक तेव्हा उपयोगी पडतात. गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोल सुरू झाला की यंत्र काढून इअरप्लग घालतो, उरलेले कान जपायचेत.

पावसाळ्यात उजवं यंत्र दोनदा मुकं झालं. एकदा कानातला मळ अडवणारी जाळी भरली होती, दुसऱ्यांदा ओल. जाळी बदलून आणि रात्रभर सिलिका जेलच्या डबीत ठेवून दोन्ही वेळा सुरू झालं. डबीत ठेवलं की त्या रात्री चार्जिंग करायचं राहून जातं, एवढी अडचण.

नाशिकरोडच्या मित्राची श्रवणहानी बरीच जास्त आहे. त्याला मोठं बीटीई, म्हणजे स्पीकरसकट सगळं कानामागे असलेलं यंत्र, आणि कानाच्या मापाचा मोल्डच (साचा) लागतो, माझा मोकळा डोम त्याला पुरणार नाही. त्याच्या यंत्रात नारिंगी स्टिकरची १३ नंबरची बॅटरी बसते. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मग झाकण लावायचं, हे त्याला दुकानात कुणी सांगितलंच नव्हतं.

माझा डावा डोम हल्ली सैल वाटतो, बोलताना जबडा हलला की सरकतो. पुढच्या तपासणीला एक माप मोठा मागणार आहे.