नावाजलेली मराठी बालपुस्तकं: काही महिने मुलांच्या हातात राहिल्यावर

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यासाठी नवी पुस्तकं घेतली. निवडताना एकच गोष्ट पाहिली: पुस्तकाला पुरस्कार मिळालेला असावा किंवा ज्यांच्या मताला वजन आहे अशा कोणीतरी त्याचं कौतुक केलेलं असावं. आता दिवाळीही होऊन गेली. पुस्तकं बऱ्याच हातांतून फिरली, काहींचे कोपरे दुमडले, काही अजून कोरी करकरीत आहेत. शाळेसाठी किंवा घरासाठी अशीच खरेदी करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पुरस्कार पाहून पुस्तक घेणं मला तरी फायद्याचं ठरलं. फक्त त्या पुरस्कारातून आपल्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार 2010 पासून दिला जातो. तो कधी एका पुस्तकाला असतो, तर कधी लेखकाच्या बालसाहित्यातल्या एकूण कामाला. 2018 साली रत्नाकर मतकरींना मिळाला तो एकूण कामासाठी. अशा वेळी लेखकाचं नाव कळतं, पण नेमकं कोणतं पुस्तक घ्यायचं हे आपल्यालाच चाळून ठरवावं लागतं. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे प्रकारवार वेगळे पुरस्कार असतात, बालकवितेला बालकवींच्या नावाचा, बालकादंबरीला साने गुरुजींच्या नावाचा. त्यामुळे आत कविता आहेत की कादंबरी, एवढं तरी बाहेरून समजतं. पुस्तक कोणत्या वयाच्या मुलासाठी आहे, ते मात्र यातला एकही पुरस्कार सांगत नाही, आणि पालक सगळ्यात आधी तेच विचारतात.

सगळ्यात जास्त वापरली गेली ती माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं. अकादेमीचा 2014 चा पुरस्कार त्यांना मिळाला आहे, आणि त्यांच्याबद्दल जे जे चांगलं लिहून आलं त्यातला शब्दन् शब्द मला आता पटतो. लेखन आणि चित्रं दोन्ही एकाच हातची असल्यामुळे मजकुरात जे नाही ते चित्रात सापडतं. ‘राधाचं घर’ या संचात घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक आहे. त्यात कोणी कोणाला शहाणपण शिकवत नाही. माणसं कामं करतात, चिडतात, लाड करतात आणि मूल ते सगळं बघत असतं. आमच्याकडची लहान मुलं ही पुस्तकं ऐकता ऐकता मधेच थांबवून स्वतःच्या आजीबद्दल सांगू लागतात. वाचन तिथंच थांबतं, गप्पा सुरू होतात. मी थांबू देते.

त्यांचंच ‘चित्रवाचन’ तर मोडकळीला आलं आहे. त्यात वाचायला मजकूर नाही. मोठमोठी चित्रं आहेत आणि एकेका चित्रात एकाच वेळी कितीतरी गोष्टी चाललेल्या असतात. आमच्या कट्ट्यावर बरीच मुलं इंग्रजी माध्यमाची आहेत. मराठी घरात बोलतात, पण जोडाक्षर आलं की अडखळतात, आणि अडखळलेलं मूल पुस्तक हळूच बाजूला सरकवतं. या पुस्तकापाशी ती अडचणच येत नाही. दुसरीतला एक मुलगा, जो एरवी कोपऱ्यात बसून असायचा, त्यानं एका चित्रावरून सलग गोष्ट रचून सांगितली, सगळी मराठीत, आणि बाकीच्यांनी ती ऐकून घेतली. मराठी पुस्तकं मुलांना झेपत नाहीत अशी तक्रार असलेल्या घरांनी खरेदीची सुरुवात इथून करावी, असं मी अगदी आग्रहानं सांगेन.

ल. म. कडू यांच्या ‘खारीचा वाटा’ या कादंबरीला अकादेमीचा 2017 चा पुरस्कार आहे. गाव धरणाच्या पाण्याखाली जाणार आहे आणि हे सगळं आपण एका मुलाच्या नजरेतून पाहतो. परीक्षणांतून त्याची फार स्तुती वाचली होती, तरीही ते शेल्फवर तसंच पडून होतं. आपणहून कोणीच उचललं नाही. मग शनिवारी संध्याकाळी थोडं थोडं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि चित्र पालटलं. आमच्या मुलांना धरण म्हणजे खडकवासल्याची सहल, भाजलेलं कणीस आणि भजी. आपल्या नळाला येणारं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येतं, हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं होतं. पण त्या पाण्याच्या जागी कोणाची तरी घरं होती, झाडं होती, हे कधी मनात आलेलं नव्हतं. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘मग त्यांची जनावरं कुठं गेली?’ त्यावर त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही. पुस्तक उत्तम आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ते मुलाच्या हातात नुसतं देऊन उपयोग नाही, सोबत बसून वाचावं लागतं. त्याची स्तुती करणाऱ्यांनी एवढी एक ओळ लिहिली असती तर ते इतके आठवडे धूळ खात पडलं नसतं.

संगीता बर्वे यांच्या ‘पियूची वही’चं (अकादेमीचा पुरस्कार 2022) उलट झालं. रोजनिशीच्या अंगानं लिहिलेलं असल्यामुळे स्वतःचं स्वतः वाचणारी, नऊ ते अकराच्या आसपासची मुलं ते घेऊन जातात आणि पूर्ण करून आणतात. तुकडे छोटे, आवाज मुलीचा, त्यामुळे मोठ्या माणसाची गरज लागत नाही. दोघीतिघींनी आपापल्या वह्या सुरू केल्या आहेत. मी त्या बघायला मागितल्या नाहीत.

आता नाराजीचं. वर्तमानपत्रात येणारी बालपुस्तकांची परीक्षणं मी गेले काही महिने लक्ष देऊन वाचते आहे. लेखकाची ओळख, कथेचा सारांश, कोणते संस्कार होतील याची यादी आणि शेवटी शुभेच्छा. चित्रकाराचं नावसुद्धा बऱ्याचदा नसतं. पहिली-दुसरीतलं मूल पुस्तक उचलतं ते चित्र पाहून, आणि पुन्हा उचलतं तेही चित्रासाठीच. अक्षर केवढं आहे, ओळींत मोकळी जागा आहे का, कागदाची मागची बाजू पुढून दिसते का, बांधणी टिकेल का, यावर कोणी लिहीत नाही. एका नावाजलेल्या पुस्तकात गोष्टीतला मुलगा अनवाणी आहे आणि चित्रात त्याच्या पायात बूट आहेत. मुलांनी ते पहिल्याच दिवशी शोधून काढलं आणि त्यानंतर त्या पुस्तकावरचा त्यांचा विश्वास उडाला. दुसऱ्या एका पुस्तकाची पानं पावसाळा संपायच्या आत सुटली. या बाबी किरकोळ नाहीत. मुलांच्या पुस्तकात चित्र आणि छपाई हा पुस्तकाचाच भाग आहे, त्यामुळे परीक्षणातही त्यांना जागा मिळायलाच हवी.

सगळ्यात रिकामा कप्पा तेरा ते सोळा वयाचा. इथं आणखी एक घोटाळा होतो: ‘युवा पुरस्कार’ पाहून पालक आठवी-नववीतल्या मुलांसाठी पुस्तक घेऊन येतात. साहित्य अकादेमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी आहे, वाचकाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. त्यातली कितीतरी पुस्तकं पूर्णपणे प्रौढांची आहेत. कुमारवयीन वाचकांसाठी म्हणून लिहिलेली आणि त्या वयाच्या आजच्या प्रश्नांना हात घालणारी नवी मराठी कादंबरी मला फार शोधूनही मोजकीच सापडली. नववीतल्या मुलांनी एकमेकांना सांगत सांगत वाचली ती मिलिंद बोकील यांची ‘शाळा’, 2004 ची, आणि ती काही कुमारांसाठी म्हणून आलेली नव्हती. बाकी ही मुलं सरळ इंग्रजीकडे वळतात. त्यांना मराठीचा कंटाळा आहे असं मला वाटत नाही. त्यांच्या वयाचं पुस्तक समोर आलं की ती वाचतात, हे ‘शाळा’वरून दिसलंच. लेखकांनी, प्रकाशकांनी आणि पुरस्कार देणाऱ्यांनीही या वयाचा वेगळा विचार करावा, असं फार मनापासून वाटतं.

तोवर दोन गोष्टींवर आमचं भागतं आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 साली सुरू झालं, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. मोठी मुलं त्यातल्या गोष्टी शोधून लहानांना वाचून दाखवतात. आणि पुढच्या खरेदीत ‘वाचू आनंदे’चे कुमारगटाचे भाग घेणार आहे. बालगटाचे भाग आमच्याकडे आहेत. मराठी साहित्यातले निवडक उतारे आणि सोबत चित्रं अशी त्यांची रचना आहे, त्यामुळे कुठलंही पान उघडून बसता येतं.

पिनांच्या बांधणीची पुस्तकं घेणार असाल तर मुलांच्या हातात देण्याआधीच कण्याला कापडी पट्टी चिकटवा, आणि मांडताना मुखपृष्ठ समोर दिसेल अशी मांडा. कणा बाहेर ठेवून रचलेली पुस्तकं आमच्याकडे कोणी काढतच नव्हतं.