जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत

"लिनक्स टाकलं आणि लॅपटॉप पळायला लागला" असं जो तो सांगतो. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकल्यावर माझाही पळतोय. पण त्यातलं बारा आणे श्रेय एसएसडीचं (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचं) आहे, हे आधीच सांगून टाकतो. जुनी 5400 आरपीएमची हार्ड डिस्क मोठी सलग फाइल वाचताना सेकंदाला शंभरेक एमबी देते, पण इकडेतिकडे विखुरलेल्या बारीक फाइली वाचायला लागली की एक एमबीसुद्धा जड जातं. आणि संगणक सुरू होताना नेमकं तेच काम असतं. साध्या साटा (जुन्या धाटणीच्या जोडणीच्या) एसएसडीवर सलग वेग पाचशेच्या आसपास जातो आणि बारीक फाइलींना तर काही पटींनी फरक पडतो. मी आधी फक्त हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून काही दिवस विंडोज 10 च वापरलं होतं. तेव्हाच लॅपटॉप ओळखू येईना इतका सुधारला होता.

मग लिनक्स कशाला? तर 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा संपला. जादा सुरक्षा अपडेटची सोय आहे, पण घरच्या वापरासाठी तीही ऑक्टोबर 2026 पर्यंतच. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा सहाव्या पिढीचा आय-5. इथल्या, कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या दुकानदारानं झाकण उघडायच्या आधीच निकाल दिला, "मालक, ह्यात आता काय राहिलं न्हाई, नवा घ्या." रॅम आठ जीबी केली, एसएसडी होतीच, सगळा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतही गेला नाही.

माझं काम हिशेब लिहिण्याचं. उद्यमनगरातले दोन-चार कारखानदार आणि लक्ष्मीपुरीतले काही व्यापारी, त्यांची बिलं, जीएसटी, बँकेची पत्रं. हे सांगायचं कारण एवढंच की माझा अनुभव गेम खेळणाऱ्याच्या किंवा कोड लिहिणाऱ्याच्या कामाचा नाही.

मिंट 22 ची सिनॅमन आवृत्ती घेतली. ती उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि 2029 पर्यंत तिला अपडेट मिळणार आहेत. बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, पेनड्राइव्हवरून चालू करून आधी वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा तपासा, मग पुढं जा. वाय-फाय चाललं नाही तर मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग करा, ड्रायव्हर उतरवून घेता येतो. नव्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी बसवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) किल्ली आधी कागदावर लिहून घ्या. आणि एनव्हीएमई (नव्या, जास्त वेगवान) एसएसडी असलेल्या काही मशीनवर इंटेलचं आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) चालू असतं, मग लिनक्सला डिस्क दिसतच नाही. तिथं बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) त्याऐवजी एएचसीआय ही साधी पद्धत करावी लागते, पण ते नुसतं बदललं तर विंडोज सुरू व्हायचं थांबतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग बदलायचं.

विंडोज मी पूर्ण काढलेलं नाही. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) विंडोजवरच चालतं, आणि वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनावर) चालवायचा नाद मी केला नाही. गिऱ्हाइकाच्या हिशेबावर प्रयोग करायचे नसतात. शंभरेक जीबीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) विंडोजला, इंटरनेट बंद, बाकी सगळं मिंटला.

दोन्ही शेजारी ठेवली की एक गंमत होते. मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागं. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं. टॅलीत पहाटे नोंद केली तर तारीखच कालची पडायची. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएलची एक ओळ देऊन मिंटलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं, विषय मिटला.

आता डिस्कांकडे येतो, कारण या महिन्यांत मी खरं शिकलो ते इथं. विंडोजमध्ये डिस्क म्हणजे डी आणि ई एवढंच माहीत होतं. मिंटमध्ये "डिस्क्स" नावाचा प्रोग्रॅम आधीपासूनच असतो, त्यात ड्राइव्हवर क्लिक करून स्मार्ट डेटा उघडला की डिस्क स्वतःची तब्येत सांगते. एवढ्या आकड्यांत घाबरायचं कारण नाही, तीन बघा. पाचव्या क्रमांकाचा आकडा म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे तुकडे). 197 म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. हे दोन शून्यावरून वाढायला लागले की डेटा हलवा, चर्चा नंतर. तिसरा 199, तो वाढत असेल तर बहुधा डिस्क ठणठणीत असते आणि केबल बिघडलेली असते. यूएसबीच्या केसिंगमधून कधी कधी हे आकडे दिसत नाहीत. तेव्हा टर्मिनलमधून स्मार्टसीटीएल या तब्येत विचारणाऱ्या आज्ञेला साटाचा प्रकार सांगून विचारलं की बऱ्याचदा दिसतात.

याचा उपयोग स्वतःपेक्षा मेहुण्यालाच जास्त झाला. त्याचा लग्नाच्या फोटोंचा धंदा. उन्हाळ्यात, ऐन सीझनमध्ये फोन आला, "दाजी, फोल्डर उघडतंय पण फोटो अडकाय लागल्यात." 197 चा आकडा बघितला आणि त्याला कॉपी-पेस्ट थांबवायला सांगितलं. नुसती कॉपी एका खराब जागेवर अडून बसते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तिथंच घासत राहते. डीडीरेस्क्यू हे हत्यार उलट चालतं, आधी चांगला भाग पटापट उचलून घेतं, खराब जागा मागं ठेवून शेवटी तिथं पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. काय झालं, काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच वळवाचा पाऊस आला आणि शिवाजी पेठेतली लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, डिस्कच्या अडॅप्टरला कुठली असणार. लाइट आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली, काम सोडलं तिथून पुढं सुरू. जवळजवळ सगळे फोटो निघाले. फक्त दुसरी डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते, आणि मिंटमध्ये पॅकेज शोधताना नावाच्या आधी एक "जी" लावावा लागतो, नाहीतर सापडत नाही.

माझी स्वतःची जुनी हार्ड डिस्क मात्र धडधाकट निघाली. ती केसिंगमध्ये घालून बॅकअपला लावली. तिची फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवायची पद्धत) लिनक्सची ईएक्सटी4 करायची की विंडोजची एनटीएफएस ठेवायची हा घोळ. मिंटचं टाइमशिफ्ट, जे सिस्टिमची चित्रं काढून ठेवतं, त्याला लिनक्सचीच फाइल सिस्टिम लागते, एनटीएफएस किंवा एक्सफॅट चालत नाही. म्हणून दोन भाग केले. ईएक्सटी4 चा भाग बनवताना पाच टक्के जागा रूटसाठी (सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवली जाते, एक टीबीच्या डिस्कवर ती सुमारे 50 जीबी होते. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर एवढी कशाला? ट्यून2एफएस या आज्ञेनं ती एक टक्का केली.

टाइमशिफ्टबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. ते तुमच्या फाइलींचा बॅकअप घेत नाही. तुमच्या फाइली असतात ते होम फोल्डर मुळातच वगळलेलं असतं. अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टिम मागं नेण्यासाठी ते आहे, आणि त्या कामाला उत्तम आहे. माझ्या हिशेबाच्या फोल्डरसाठी रोज संध्याकाळी आरसिंक (बदललेल्या फाइलींची नक्कल करणारं साधन) चालतं, वेगळं.

बाहेरची डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कांची यादी असलेल्या फाइलमध्ये) नोंद करताना लोक फसतात. नोंदीत "नोफेल" (डिस्क नसली तरी पुढं चल, असं सांगणारा शब्द) नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल, तर मशीन दीड मिनिट वाट बघून काळ्या पडद्यावर आणीबाणीत उतरतं. टर्मिनल न पाहिलेल्या माणसाला वाटतं सगळं गेलं. "डिस्क्स"मधूनच नोंद केली तर तो शब्द आपोआप पडतो, हातानं लिहायच्या भानगडीत पडूच नका.

एनटीएफएसची तक्रार मात्र राहते. वाचणं-लिहिणं उत्तम चालतं, पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पुरतं बंद होतच नाही, आणि मिंट तो ड्राइव्ह फक्त वाचायला देतं किंवा जोडतच नाही. ते बंद करून टाका. आणि एनटीएफएस खरंच बिघडली तर दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनंच करावी लागते, लिनक्समधलं एनटीएफएसफिक्स वरवरची मलमपट्टी करतं.

महाद्वार रोडवर फेरीवाल्याकडून कुणी "दोन टीबी"चा पेनड्राइव्ह आणला असेल तर एफ3 नावाचं साधन चालवून बघा. ते ड्राइव्ह भरून परत वाचून खरी जागा सांगतं. शेजारच्या पोरानं हौसेनं आणलेला ड्राइव्ह 32 जीबीचा निघाला. त्याला काही वाटलं नाही, "फुकटात पडला की" म्हणाला.

मराठीचं म्हणाल तर झकास. कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट आहे, फोनेटिकही आहे, युनिकोड अक्षरं स्वच्छ दिसतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या पत्रांसाठी तो फॉन्ट फोल्डरात टाकला की लिब्रे ऑफिसमध्ये वाचता येतात, पण त्या पद्धतीनं टाइप करायचं तर विंडोजच. गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या मॅक्रोवाल्या एक्सेल शीटही तिकडंच उघडतो.

वाईट अनुभव प्रिंटरचा. झेरॉक्सच्या दुकानात हमखास दिसतो तसला छोटा जुना लेझर प्रिंटर माझ्याकडे आहे. त्याचा ड्रायव्हर लावण्यात एक अख्खा रविवार गेला, आणि तरीही दर काही पानांनी तो झोपतो. प्रिंटर नवा घेणाऱ्यानं ड्रायव्हरशिवाय चालणारा, आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट लिहिलेला घ्यावा. मी सध्या पीडीएफ करून विंडोजमध्ये जाऊन छापतो.

देखभाल म्हणाल तर फार नाही. एसएसडीचं ट्रिम (रिकाम्या जागेची साफसफाई) आठवड्यातून एकदा आपोआप होतं. जागा खातात ती फ्लॅटपॅकची (लागणारं सगळं सामान बरोबर घेऊन येणारी) अ‍ॅप्स, एका छोट्या प्रोग्रॅमसाठी एक-दीड जीबीचा पसारा येतो. त्यामुळं जे साध्या पॅकेजमध्ये मिळतं ते तसंच घेतो. जुनी कर्नल (सिस्टिमच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या) काढायचा पर्याय अपडेट मॅनेजरमध्ये चालू केलाय. टाइमशिफ्टची चित्रं तीनच ठेवतो, आणि तीही बाहेरच्या डिस्कवर.

ऑक्टोबर 2026 नंतर विंडोजचं ते पार्टिशन तसंच, इंटरनेटशिवाय राहील. टॅलीसाठी ते पुरेसं आहे. जीएसटीचं रिटर्न मी आत्ताही मिंटमधल्या फायरफॉक्सवरूनच भरतो, ओटीपी मोबाइलवर येतो, अडत नाही. डिजिटल सहीचं टोकन लागणारी दोन गिऱ्हाइकं आहेत, त्यांच्यासाठी त्यांच्याच कारखान्यातल्या संगणकावर जाऊन बसतो. तिथं चहा चांगला मिळतो.