आधी पैसे भरा, मग सांगतो: माजी कामगारांच्या पडताळणीचं पोर्टल

भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात, एचआर, पगार आणि पीएफ असं सगळं मी एकटीच बघते. मुलगा मुलाखतीत पास झाला की त्याचा आधीचा अनुभव खरा की झेरॉक्सच्या दुकानात तयार झालेला, हे शोधणंही माझ्याकडेच. पूर्वी हे फोनवर भागायचं. समोरचे एचआरवाले साहेब रजिस्टर उघडून तारखा सांगायचे आणि वर "पोरगा चांगलाय, फक्त सोमवारी दांडी मारतो" हेही सांगायचे. आता चाकणकडच्या एका मोठ्या कंपनीने या चौकशीसाठी पैसे घेणारं पोर्टल काढलंय. नाव लिहीत नाही, पण या पट्ट्यात भरती करणाऱ्याला ओळखू येईल. पाचपैकी दोन तारे.

एका चौकशीचे ५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. आणि एकाच माणसाची चौकशी करायची असली तरी वॉलेटमध्ये किमान पाच चौकशांचे पैसे भरावे लागतात, २,९५० रुपये. जीमेलचा पत्ता चालत नाही, कंपनीच्या डोमेनचाच ईमेल हवा. भोसरीतले निम्मे वर्कशॉप जीमेलवर चालतात हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही. त्यानंतर उमेदवाराच्या सहीचं संमतीपत्र आणि त्याचा एम्प्लॉयी कोड. मुलांना टोकन नंबर पाठ असतो, कोड नसतो. तो जुन्या पगाराच्या स्लिपवर सापडला तर सापडला.

अहवाल दोन दिवसांत आला, त्याबद्दल एक तारा. एक पान. नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, हुद्दा. पुन्हा घ्याल का, या प्रश्नापुढे 'अभिप्राय नाही'. यातलं हुद्दा सोडून बाकी सगळं मला त्या मुलाने आधीच मोबाईलवर दाखवलं होतं. पीएफच्या साइटवर यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, टाकून लॉगिन केलं की सर्व्हिस हिस्टरीत आस्थापनेचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, पासबुकात महिन्यामहिन्याची वर्गणी दिसते. फुकट. कागद खोटा करता येतो, पण माझ्यासमोर ओटीपी टाकून उघडलेली साइट कशी खोटी करणार?

खरी गंमत दुसऱ्या मुलाच्या वेळी झाली. डाय सेटर, म्हणजे प्रेस मशीनवर डाय (साचा) बसवणारा. त्या कंपनीच्या लाइनवर तीन वर्षं उभा होता, त्यांचाच युनिफॉर्म, त्यांचंच कँटीन, गेटवर रोजचा अंगठा. पोर्टलचं उत्तर: 'नोंद आढळली नाही'. कारण मुलगा ठेकेदाराच्या रोलवर, कंपनीच्या हजेरीपटावर नाही. त्याच्या पासबुकातही ठेकेदाराचंच नाव. म्हणजे पोर्टल खोटं बोललं नाही, पण न सापडलेल्या नोंदीचेही ५९० रुपये गेलेच. परताव्याचं विचारलं तर 'शोध पूर्ण झाला आहे' असं छापील उत्तर आलं. हे वाचून आमचे शेठ म्हणाले, "मग आपणही बनवलेला जॉब गिऱ्हाइकाने रिजेक्ट केला तरी बिल लावू या का?"

तिथे मात्र मला मुलाचीच काळजी वाटली. आमच्याकडे मी होते म्हणून पासबुक बघितलं, त्याला मशीनवर उभं करून डाय बसवायला लावली आणि घेतला. दुसरीकडे हाच अहवाल पडताळणीच्या एजन्सीमार्फत गेला असता तर तिकडच्या एचआरने 'अनुभव खोटा' म्हणून फाइल बंद केली असती, आणि का नाकारलं हे मुलाला कळलंही नसतं. पैसे मी भरते म्हणून अहवाल मला येतो. ज्याच्या आयुष्याची ती नोंद आहे, त्याला प्रत मागायची सोयच या पोर्टलवर नाही.

१९७०च्या ठेका कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत काम संपल्यावर ठेकेदाराने सेवा प्रमाणपत्र द्यावं असं होतं, फॉर्म पंधरा म्हणून नमुनाही होता. तो फॉर्म घेऊन आलेला एकही मुलगा मी पाहिलेला नाही.

माझी नणंद न्यू जर्सीत असते. तिकडे इक्विफॅक्स कंपनीचा 'द वर्क नंबर' हाच धंदा फार मोठ्या प्रमाणावर करतो. २००७मध्ये त्यांनी टॅल्क्स नावाची कंपनी विकत घेतली, तिच्याबरोबर तो आला. कर्ज देणाऱ्या बँका तिथे नोकरी आणि पगाराच्या माहितीचे पैसे मोजतात. पण कामगाराला स्वतःचा अहवाल फुकट मागवता येतो आणि चूक असेल तर हरकत घेता येते. आपल्याकडे धंदा तेवढा उचलला, हा भाग राहिला.

कंपनीची बाजू मला कळते. बनावट अनुभवपत्रं मीही पकडली आहेत, आणि हजारो माणसं सोडून गेलेल्या कंपनीत रोजच्या चौकशांना उत्तर द्यायला पगारी माणूस लागतो. त्याचे पैसे घ्या, माझी ना नाही. पण नोंद नसेल तर पैसे परत करा, आणि ठेकेदाराचा माणूस असेल तर निदान ठेकेदाराचं नाव सांगा. तुमच्या गेटच्या रजिस्टरला ते आहेच. आमच्याकडे अशी विचारणा आली तर मी चहा निवायच्या आत उत्तर पाठवते, बिल लावत नाही.

दुसरा तारा पावतीसाठी. जीएसटीची पावती पैसे भरल्याक्षणी मेलवर येते, आमच्या जीएसटी नंबरसकट, म्हणजे भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं. त्या कारभारात यांचा हात कुणी धरणार नाही.

वापरणार असाल तर पैसे भरण्याआधी उमेदवाराचा जुना गेटपास मागून घ्या. त्यावर ठेकेदाराचं नाव असेल तर पोर्टलच्या वाटेला जाऊ नका, थेट ठेकेदाराला फोन लावा. पहिल्या वेळी उचलत नाहीत, पगाराच्या तारखेनंतर उचलतात. आमच्या वॉलेटमध्ये अजून तीन चौकशांचे पैसे पडून आहेत. वर्षभरात वापरले नाहीत तर बुडतात, असं अटींत बारीक अक्षरात लिहिलंय. ते कुठल्या खात्यात टाकायचे, हे मार्चअखेरीला ऑडिटरच सांगतील.